येळवशीच्या दिवशी दोन अँटीव्हायरस

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर ताई सगळ्यांना आधी सांगून मोकळी होईल, आणि तिच्या सांगण्यात मी अजून येडा दिसतो.

तर झालं असं, की आमच्या घरातलं इंटरनेट मी बंद पाडलं. सुरक्षेसाठी.

मी अक्षय. लोहाऱ्यात राहतो, बीसीए सेकंड इयरला आहे. म्हणजे घरच्यांच्या भाषेत "पोरगं कॉम्प्युटरचं शिकलालाय." त्यामुळं मिक्सर बंद पडला, बोलवा अक्षयला. बोअरची मोटार उचलंना, बोलवा अक्षयला. एकदा मावशीच्या फोनवर सगळे फोटो उलटे दिसायला लागले, तेही मीच दुरुस्त केले! (मावशीनं फोन उलटा धरला होता. पण तेव्हापासून पाहुण्यांत माझं नाव लई मोठं आहे.)

माझी ताई सुवर्णा खरी हुशार. तिला एका पुण्याच्या कंपनीत घरी बसून करायचं काम मिळणार होतं. गिऱ्हाइकांशी मराठीत बोलायचं आणि त्यांचं गाऱ्हाणं टाईप करायचं. ताई दोन वर्षांपासून असल्याच कामाच्या मागं होती, कारण तिला गाव सोडायचं नव्हतं आणि घरात नुस्तं बसायचंही नव्हतं. एकच परीक्षा बाकी. ती ऑनलाईन. मोबाईलवर चालत नाही, कॉम्प्युटरच पाहिजे, आणि कॅमेरा सुरू पाहिजे. दुपारी तीन वाजता. आणि दिवस कुठला? येळवस, म्हणजे वेळा अमावस्या!

आमच्याकडं येळवशीला गावात कुणी राहत नाही. सकाळीच आख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, त्यात पांडव पुजायचे, आणि मग भज्जी (डाळी-पालेभाज्यांची घट्ट भाजी), बाजरीचे उंडे, ताकाची आंबील, खीर दिवस मावळेपर्यंत. आपल्या शेतात जेवायचं, दुसऱ्याच्या शेतात जेवायचं, आणि वाटंनं जाणाऱ्याला धरून आणून जेवू घालायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी कॉम्प्युटरपुढं बसून विचार करत होतो. (इथंच चूक झाली. मी विचार करायला बसलो की घरात काहीतरी मोडतंय.)

"ताई, उद्या परीक्षेच्या मधीच व्हायरस आला म्हंजे?"

"अँटीव्हायरस हाय की. दुकानातल्या बालाजीदादानं टाकून दिलाय."

"एकच हाय पण!"

ताई आप्पांकडं बघायला लागली. आप्पा म्हणजे आमचे वडील. ते सुपारी कातरत होते. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण आप्पा गंभीर होऊन म्हणले, "त्याचं बराबर हाय सुवर्णा. आपण ज्वारीला कवा एक राखण्या ठिवलाव का? एक राखण्या झोपतोय. दोन असले की एकमेकांवर ध्यान ठिवतेत."

झालं! घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा पाठिंबा मिळाला. मी लगेच एक फुकटातला अँटीव्हायरस शोधला आणि टाकला. बालाजीदादाचा लाल रंगाचा होता, माझा निळा. वर माझ्या निळ्याला पासवर्ड पण मारला.

"पासवर्ड कशाला?" ताई म्हणली.

"तू चुकून काढून टाकशील म्हणून."

"काय हाय पासवर्ड?"

"पासवर्ड सांगायचा नसतोय ताई. त्यालाच सिक्युरिटी म्हणतेत."

येळवशीच्या सकाळी आई-आप्पा डोक्यावर टोपल्या घेऊन शेतात गेले. आम्ही दोघं परीक्षा झाल्यावर जाणार होतो. ताईनं ठेवणीतला ड्रेस घातला, केस बांधले, मागची भिंत पुसली (कॅमेऱ्यात दिसती म्हणून) आणि कॉम्प्युटर सुरू केला.

आधी निळा उठला. कोपऱ्यात त्याची पाटी आली: "या कॉम्प्युटरमध्ये एक संशयास्पद प्रोग्रॅम आहे." तो प्रोग्रॅम म्हणजे लाल. लगेच लालची पाटी: "धोका! एक अनोळखी प्रोग्रॅम तुमच्यावर नजर ठेवत आहे." तो म्हणजे निळा. मग दोघांची जी जुंपली! पाटीवर पाटी, पाटीवर पाटी. भावकीचं बांधावरचं भांडण परवडलं, तिथं निदान पाणी प्यायला तरी थांबतात. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. भांडण मिटंपर्यंत इंटरनेट बंद!

"अक्ष्या."

"हां ताई."

"हे काय झालंय?"

"दोन मिनिटं दे."

दोन मिनिटांत मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तार काढून फुंकली. तार लावली. राऊटरला थापटलं. मग म्हणलं, चला, एक राखण्या कमी करू. आता कुठला काढायचा? माझा निळा तर चांगलाच होता, मीच निवडला होता! म्हणून मी लाल काढायला गेलो. तर निळ्यानं काढू दिला नाही. "संशयास्पद बदल रोखला आहे" म्हणला. म्हणजे ज्याच्याशी सकाळपासून भांडतोय त्यालाच घराबाहेर जाऊ देईना!

ताईनं कंपनीच्या मॅडमला फोन लावला. स्पीकरवर.

"मॅडम, माझी टेस्ट उद्या घेता येईल का? कॉम्प्युटर बिघडलाय."

"मग जवळच्या सायबर कॅफेत जा ना."

"मॅडम, आज आमच्याकडं येळवस आहे. सगळी दुकानं बंद आहेत."

"म्हणजे संप आहे का?"

"नाही मॅडम. जेवण आहे."

मॅडमनं खात्री करून घेतली.

"सगळ्या गावाचं?"

"सगळ्या तालुक्याचं, मॅडम."

"हे बघ, टेस्टमध्ये शिरायची लिंक तीनला सुरू होईल आणि सव्वातीनला बंद. पुढची भरती कधी होईल सांगता येत नाही. ऑल द बेस्ट."

ताईनं नुस्तं फोन टेबलावर उपडा ठेवला. ती शिव्या देती तेव्हा मला बरं वाटतं. फोन असा उपडा ठेवला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

मी म्हणलं, "बालाजीदादाला धरून आणू." बालाजीदादाचं गावात कॉम्प्युटरचं दुकान. फोन लावला तर उचलंना. दुकानाकडं पळालो. रस्त्यावर कुत्रं सुद्धा नाही. तीपण शेतात गेली होती, जेवणाचं त्यांनाही कळतंय. दुकानाला कुलूप, आणि शटरच्या आतून बालाजीदादाचा फोन वाजतोय! पठ्ठ्या फोन चार्जिंगला लावून जेवायला गेला होता.

आता मी जे डोकं चालवलं, ते ऐका. म्हणलं, दादाला शोधायचा, मग घरी आणायचा, त्यात वेळ जाणार. त्यापेक्षा डॉक्टर जिथं असेल तिथं पेशंट न्यायचा! मी सीपीयू उपसला, चादरीत गुंडाळला आणि ताईच्या मांडीवर दिला. ताई मागं, मी पुढं, मोटारसायकल सुरू.

पहिल्यांदा बालाजीदादाच्या शेतात. तिथं त्याची आई आणि त्याची धाकटी बहीण शीतल. (शीतल माझ्याच वर्गात आहे. तिच्याबद्दल सध्या एवढंच.)

"काकू, बालाजीदादा कुठायत?"

"आत्ताच गेला की बाबा, गुंडूकाकाच्या शेतात. बस, ताट वाढती."

"काकू, लई घाई हाय."

"येळवशीला माझ्या शेतातनं उपाशी जातूस व्हय? बस म्हणलं की!"

बसलो. शीतलनं भज्जी वाढली. मी "पुरे" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. तिनं अजून वाढली. ताईनं मात्र लगेच युक्ती केली. गाडीवरनं उतरलीच नाही, म्हणली, "काकू, मला उपास हाय."

काकू म्हणल्या, "मग तिच्या वाटणीचं पण तूच खा बाबा!"

तिथनं गुंडूकाकांच्या शेतात. काका बांधावरच उभे, हातात आंबिलीचा तांब्या.

"काका, बालाजीदादा?"

"जेवून गेला. खीर दोनदा घेतली. मास्तराच्या शेताकडं गेलाय." मग त्यांचं लक्ष ताईच्या मांडीवरल्या गाठोड्याकडं गेलं. "हे काय? आमच्या शेतात येताना डबा आणलाव? आमच्यात भज्जी कमी पडलालीय व्हय?"

"काका, जेवण न्हाय ते. कॉम्प्युटर हाय."

"मग त्यालाबी उतरव की खाली! त्यो काय उपाशी बसंल व्हय?"

काका एकटे हसले, लई हसले, आणि हसत हसत मला धरून कोपीत नेलं. खीर. उंडे. वर आंबील. ताईचा उपास तिथंही कामाला आला, म्हणजे मला दुप्पट.

मास्तरांच्या शेतात पोचलो तोवर मला गाडीवर पुढं वाकता येत नव्हतं. मी सरळ काठीसारखा बसून गाडी चालवत होतो. मास्तर म्हणले, बालाजी येऊन गेला. मी म्हणलं, "सर, मी जेवलोय, दोनदा जेवलोय, तेही दुप्पट, माझ्या पोटाला हात लावून बघा." मास्तरांनी खरंच हात लावून बघितला आणि म्हणले, "आंबिलीला जागा हाय."

तांब्याभर आंबील पिऊन मी रडकुंडीला आलो. मागनं ताईचा आवाज आला, एकदम बारीक. "अक्ष्या, दोन वाजून गेले."

मी मास्तरांना हात जोडले. "सर, बालाजीदादा इथनं कुठं गेले तेवढं सांगा."

"अरे, तुझे आप्पाच आले होते की! हाताला धरून नेला त्याला. तुमच्याच शेतात जेवलालाय."

आमच्याच शेतात! आख्खा शिवार पालथा घातला, आणि माणूस आमच्याच चिंचंखाली. ताईनं पाठीत एक गुद्दा घातला. पोट एवढं भरलं होतं की तो गुद्दा पुढून पण लागला.

शेतात आलो तर बालाजीदादा तोंडावर रुमाल टाकून आडवा. आई भांडी आवरत होती. आप्पा म्हणले, "आलाव व्हय? हात धुवा, ताटं घ्या." मी तिथंच बांधावर बसलो.

ताईनं दादाला हलवून उठवलं. त्यानं एक डोळा उघडला, गाठोडं बघितलं, चादर सोडली.

"नुस्ता डबाच आणलाव?"

"हां दादा. म्हणलं, तुम्ही बघाल."

"काय बघू? कानाला लावून ऐकू व्हय? ह्याला स्क्रीन कुठाय? कीबोर्ड कुठाय? लाईट कुठाय?"

लाईटीचं ऐकून आप्पा पुढं आले. "लाईट हाय की. मोटारीच्या स्टार्टरवर लावू."

"आप्पा," बालाजीदादा उठून बसला, "स्टार्टरवर लावलं तर ह्यात भज्जी शिजंल. चला घरी!"

मग काय, वरात निघाली! पुढं बालाजीदादाच्या गाडीवर ताई आणि सीपीयू, मागं मी आणि आप्पा. घरी आलो तेव्हा तीन वाजत आले होते. दादानं तारा जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. निळ्याची पाटी आली, लालची पाटी आली. दादा दोन्ही पाट्यांकडं बघत राहिला.

"लाल माझा. ह्यो निळा कुणी टाकला?"

आप्पा छताकडं बघायला लागले.

"आप्पा म्हणले, दोन राखणे पाहिजेत," मी म्हणलं.

"मी ज्वारीचं म्हणालतो!" आप्पा म्हणले.

"दोन न्हाईत ठेवायचे रे," दादा म्हणला. "दोघं एकमेकांनाच चोर समजतेत. निळा काढतो, सगळं सुरू हुतंय." त्यानं निळ्यावर क्लिक केलं. निळ्यानं लगेच चौकोन पुढं केला: पासवर्ड टाका.

मी पुढं घुसलो.

"सरका दादा, मी टाकतो."

"तू हात लावायचा न्हाय!" ताई ओरडली. आणि माझ्या आणि कीबोर्डच्या मधी येऊन उभी राहिली. "सकाळपासनं हात लावलालास! दादांना तोंडानं सांग."

"ताई, अगं, कागदावर लिहून देतो..."

"अक्ष्या, तीन वाजले!"

"ते... पासवर्ड सांगायचा नसतोय..."

ताईचे डोळे भरले होते. ठेवणीतल्या ड्रेसवर शेताची धूळ, बांधलेले केस सगळे सुटलेले. ती ओरडली नाही. नुस्तं म्हणली, "अक्षय, सांग ना रे." मला ती अक्षय म्हणत नाही कधीच.

मी भिंतीकडं तोंड केलं आणि सांगायला लागलो.

"एस."

"एस," बालाजीदादा म्हणला आणि एका बोटानं दाबला. त्याला प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायची सवय आहे. दुकानातली सवय.

"एच."

"एच."

"ई."

"ई."

"अजून एक ई."

"अजून एक ई. पुढं?"

"...टी."

"टी." बोट जरा हळू झालं.

"ए."

"ए."

"...एल."

बालाजीदादानं एल दाबला. पण म्हणला नाही. बोट तिथंच राहिलं. सबंध सात अक्षरांकडं त्यानं बघितलं. तिथं नुस्ते ठिपके होते, पण त्याला ते वाचता येत होते.

"शीतल," आप्पा मागनं म्हणले. त्यांना वाटलं मदत होईल.

"संपला?" दादानं माझ्याकडं न बघता विचारलं.

आता, मला "हो" म्हणता आलं असतं. पण मग निळा उघडला नसता. ताई घड्याळाकडं बघत होती. मी डोळे मिटले.

"वन," मी म्हणलं.

दादानं एक दाबला.

"फोर."

दादानं दाबलं.

"थ्री."

वन फोर थ्रीचा अर्थ न कळणारा माणूस आमच्या तालुक्यात एकच आहे, तो म्हणजे आप्पा. ते म्हणले, "तुझा रोल नंबर हाय का रं?"

बालाजीदादानं एंटर दाबला. निळा गेला. लाल गप्प बसला. इंटरनेट असं आलं, की जसं काही कधी गेलंच नव्हतं! ताईनं खुर्ची ओढली, आम्हाला तिघांना बाहेर ढकललं (परीक्षेला खोलीत दुसरं कुणी चालत नाही) आणि दार लावलं. तीन वाजून बारा मिनिटं.

त्या पुढचा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. आम्ही तिघं ओट्यावर. एका कडंला आप्पा, मधी बालाजीदादा, दुसऱ्या कडंला मी. गावात चिटपाखरू नाही. आतून ताईचा टाईप करायचा आवाज, टकटक टकटक.

बऱ्याच वेळानं दादा म्हणला, "अक्षय."

"हां दादा."

"सेकंड इयरला हायस ना?"

"हां दादा."

"सगळे विषय निघाले?"

"एक राहिलाय दादा."

"कुठला?"

मी ओट्यावरची मुंगी बघत म्हणलं, "कॉम्प्युटर सिक्युरिटी."

बालाजीदादानं मोठा श्वास घेतला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता उठून मारतोय! पण तो हसत होता. तोंडावर रुमाल दाबून हसत होता, आत परीक्षा चालू होती ना. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसला आणि मग म्हणला, "आधी त्यो विषय काढ. तोवर माझ्या घराकडं, दुकानाकडं, शेताकडं... लांबनं जायचं."

"हां दादा."

"आणि शीतलला मी आज जाऊन सांगणार हाय."

"नका ना दादा!"

"सांगणार म्हंजे सांगणार. येळवशीला घरी गेल्यावर काहीतरी गोड सांगावं लागतंय."

आप्पांना अजून वाटतंय की आम्ही रोल नंबरबद्दल बोलत होतो.

ताई बाहेर आली ती दारात उभी राहून दोन्ही हात वर करून. मग म्हणली, "भूक लागलीय रे. दिवसभर उपास केला मी." आप्पांनी तिला लगेच गाडीवर बसवून शेतात नेलं, आणि आईनं तिला उन्हं उतरंपर्यंत वाढलं. मला पण ताट दिलं. मी ते नुस्तं बघितलं.

पंधरवड्यानं ताईला काम लागलं! आता ती रोज कानाला हेडफोन लावून लोकांचं गाऱ्हाणं ऐकती. परवा कुणीतरी विचारत होतं, इंटरनेट चालत नाही, सगळं ब्लॉक होतंय. ताईनं एकदम गोड आवाजात विचारलं, "सर, आपल्या घरात कुणी कॉम्प्युटर शिकतंय का?"

तिकडनं हो आलं.

तर आता तुम्ही सांगा, तुमच्याकडं पण असं झालंय का? घरातल्या कुणी सुरक्षेच्या नावाखाली सगळं घरच बंद पाडलंय का? झालं असेल तर लाजू नका, खाली लिहा, मला जरा सोबत होईल. आणि ज्यांच्या घरी अजून झालं नाही त्यांना एकच सल्ला: घरात महत्त्वाची परीक्षा असेल त्या दिवशी कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराला सकाळी सकाळीच कुणाच्यातरी शेतात जेवायला पाठवा. मी मोकळाच आहे.